आज काय वेगळं दिसलं? मानसिक आजार असलेल्यांच्या छोट्या निवासी केंद्रातली सुरक्षितता

प्रश्न थोडक्यात असा आहे. मानसिक आजार असलेल्या बारा जणांचं एक छोटं निवासी केंद्र. महिन्याभरापूर्वी साठीच्या एक बाई पहाटे बाथरूममध्ये पडल्या, मनगट मोडलं. त्यानंतर केंद्र चालवणाऱ्या ताईंनी बाथरूमच्या आतल्या कड्या काढून टाकल्या, व्हरांड्यात कॅमेरे लावले, मुख्य दाराला दुसरं कुलूप घातलं आणि दोन नोंदवह्यांच्या पाच केल्या. त्या विचारतात, ‘एवढं करूनही रात्री फोन वाजला की छातीत धस्स होतं. आमचं काय राहून जातंय? आणि आमची सेवा चांगली आहे की नाही हे ओळखायचं कसं?’

मी आधी रुग्णालयाच्या मानसोपचार वॉर्डात सिस्टर म्हणून आणि नंतर अशाच छोट्या केंद्रांची प्रमुख म्हणून काम केलं. त्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. छोट्या केंद्रात माणूस सहसा एकाएकी बिघडत नाही. बदल आधीच दिसायला लागलेला असतो आणि कुणीतरी तो पाहिलेलाही असतो. तो पुढच्या माणसापर्यंत पोचलेला नसतो, इतकंच. तुम्ही केलेल्या चार गोष्टींपैकी एकही या गळतीवर नाही.

आमच्याकडचं एक उदाहरण सांगते, कारण माझी कामाची पद्धत त्यानंतर बदलली. पन्नाशीचे एक गृहस्थ बरीच वर्षं क्लोझापिनवर, म्हणजे स्किझोफ्रेनियावरच्या एका औषधावर, होते आणि आजार छान आटोक्यात होता. एका आठवड्यात रात्रीच्या वहीत सलग तीन दिवस ‘जेवण कमी’ अशी नोंद झाली. दिवसाच्या वहीत त्याच दिवसांत ‘शांत, खोलीत पडून’. आंघोळीला मदत करणाऱ्या मुलाला त्यांचं पोट फुगल्यासारखं वाटलं होतं, पण ते लिहायला त्याच्याकडे वहीच नव्हती. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. रुग्णालयात कळलं, आतडं बंद पडलंय. ते वाचले, पण अगदी थोडक्यात. क्लोझापिनने आतड्यांची हालचाल मंदावते. त्यातून होणारी बद्धकोष्ठता जीव घेऊ शकते, हे आम्हा सगळ्यांना पुस्तकातून माहीत होतं. तीन माणसांकडे तीन तुकडे होते आणि ते एकत्र आलेच नाहीत.

त्या वेळी आमच्याकडे पाळी कशी बदलायची? जाणारी बाई खांद्याला पर्स अडकवून दारात उभी, येणारी चप्पल काढतेय. ‘सगळं ठीक ना?’ ‘हो, ठीक.’ झालं हँडओव्हर. तुमच्याकडेही बहुधा असंच होत असेल. यात कुणाचा आळस नसतो. त्या वेळेचा पगार कुणी देत नाही आणि बसायला जागाही ठरलेली नसते. आम्ही दोन पाळ्या पंधरा मिनिटांनी एकमेकींवर चढवल्या आणि त्या पंधरा मिनिटांचा पगार दिला. दोन्ही पाळ्या बसून बोलणार, बाराच्या बारा नावं घेणार आणि प्रत्येक नावापुढे एकाच प्रश्नाचं उत्तर देणार: कालपेक्षा आज काय वेगळं दिसलं? झोप, जेवण, संडास, चाल, बोलणं, अंगावरचे कपडे, काहीही चालेल. ‘काही वेगळं नाही’ हेही उत्तर आहे, पण ते प्रत्येकाच्या नावाने द्यायचं. स्वयंपाक करणाऱ्या आणि साफसफाई करणाऱ्या बायकांनाही त्यात बसवायचं. ताटात काय उरलं आणि चादर कुणाची ओली होती हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. पाच वह्यांच्या जागी एकच ठेवा, माणशी एक पान, आणि त्या पानावर सगळ्यांनी लिहायचं.

या एका बदलासाठी तुमच्या कॅमेऱ्यांपेक्षा कमी पैसे लागतील. बाकी काही जमलं नाही तरी हे करा.

आता शरीराकडे येते, कारण आपल्या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं दुर्लक्ष इथेच होतं. तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा साधारण 10 ते 20 वर्षं आधी जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांतले बहुतेक मृत्यू हृदयविकार, मधुमेह, फुप्फुसाचे आजार, संसर्ग अशा शारीरिक कारणांनी होतात. म्हणजे आपण ज्याच्यासाठी कुलूप लावतो त्यापेक्षा, ज्याच्याकडे आपण बघतही नाही, त्यानेच माणसं जास्त दगावतात. छातीत दुखतंय म्हणणाऱ्याला ‘त्याचं असंच चालू असतं’ म्हणून परत खोलीत पाठवलेलं मी स्वतः पाहिलं आहे. आजाराचं लेबल लागलं की शरीराची तक्रारसुद्धा लोकांना आजारासारखीच ऐकू येते.

दर महिन्याला वजन, कंबरेचा घेर आणि रक्तदाब, तर साखर आणि चरबीची तपासणी डॉक्टर सांगतील त्या अंतराने, एवढं ठरलेलं असावं. त्याशिवाय तुमच्याकडे कोण कोणत्या औषधावर आहे त्याप्रमाणे स्टाफला चार-पाच धोक्याच्या खुणा अगदी तोंडपाठ हव्यात.

क्लोझापिन घेणाऱ्याला ताप आला किंवा घसा दुखला तर त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासायच्या, ‘उद्या बघू’ चालणार नाही. सुरुवातीच्या काळात, 1975 मध्ये, फिनलंडमध्ये पांढऱ्या पेशी कोसळून काही रुग्ण दगावले आणि हे औषध अनेक देशांतून मागे घेतलं गेलं. नंतर नियमित रक्ततपासणीची अट घालूनच ते परत आलं. ती अट कागदापुरती नाही. गोळ्या 48 तासांपेक्षा जास्त चुकल्या तर जुना डोस परस्पर सुरू करायचा नाही. डॉक्टरांना विचारून अगदी कमी मात्रेपासून, बहुधा 12.5 मिलिग्रॅमपासून, पुन्हा वर जावं लागतं. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. सिगारेटच्या धुरामुळे यकृत क्लोझापिन लवकर मोडतं. त्यामुळे केंद्रात राहणारा कुणी रुग्णालयात दाखल झाला, तिथे सिगारेट बंद झाली, की त्याच डोसमध्ये रक्तातली पातळी बरीच वाढते. परिणाम धुराचा असतो, निकोटिनचा नाही, म्हणून निकोटिनचा पॅच लावून तो भरून निघत नाही. कुणी सिगारेट सोडत असेल तर आनंदाची बातमी आधी मानसोपचारतज्ज्ञांना कळवा.

लिथियम हे मनाचे टोकाचे चढउतार आटोक्यात ठेवणारं औषध. त्याचं औषधी प्रमाण आणि विषारी प्रमाण यांत अंतर फार कमी असतं. रक्तात लिटरमागे साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल ही कामाची पातळी, आणि 1.5 च्या पुढे धोका. जुलाब, उलट्या, ताप, कडक ऊन, पाणी कमी पिणं, जेवणातलं मीठ अचानक तोडणं, अंगदुखीसाठी कुणीतरी दिलेली आयब्युप्रोफेन, यांपैकी कशानेही पातळी चढते. हाताची बारीक थरथर लिथियमवर असतेच. ती मोठी झाली, चाल अडखळायला लागली, जीभ जड झाली, तर पुढची गोळी थांबवून लगेच फोन करायचा. माझी विनंती आहे की तुमच्या प्रथमोपचार पेटीतल्या वेदनाशामकांवर लिथियम घेणाऱ्यांची नावं चिकटवून ठेवा.

आणि अँटिसायकोटिक, म्हणजे भास-भ्रम आटोक्यात ठेवणारी औषधं, घेणाऱ्या कुणालाही जोराचा ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि गोंधळलेपणा एकत्र दिसला तर ती आणीबाणी समजायची. सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही. या औषधांनी गिळणंही मंदावतं, त्यात कुणाला घाईघाईने मोठे घास घ्यायची सवय असते. म्हणून जेवणाच्या वेळी एक माणूस वाढण्यात न गुंतता फक्त टेबलाकडे बघत बसलेला हवा आणि घास अडकला तर काय करायचं याचा हात बसलेला हवा. सतत पाणी पिणारा एखादा निवासी असेल तर त्याचं सकाळ-संध्याकाळ वजन करा. दिवसात वजन खूप वाढत असेल तर रक्तातलं सोडियम उतरून फिट येऊ शकते.

गोळ्या देण्याची वेळ ही केंद्रातली सगळ्यात धोक्याची अर्धी घटका. गोळ्या देणाऱ्या व्यक्तीला त्या वेळात कुणी हाक मारायची नाही, फोन दुसऱ्याने घ्यायचा. गोळी वाटीत काढून टेबलावर ठेवून पुढे जायचं नाही. आधी दिली, मग सही. सगळ्यांच्या सह्या रात्री बसून एकदम होत असतील तर ती नोंद खोटी आहे, आणि तपासणी करणाऱ्याला ती एका नजरेत कळते. जिभेखाली गोळी दडवून साठवणं ही खरी गोष्ट आहे. पण म्हणून रोज बाराही जणांची तोंडं उघडून बघणं हा अपमान आहे. ज्याच्याबाबत खरंच शंका आहे त्याच्याशी आधी बोला की गोळी का नकोशी झाली. बहुतेकदा कारण साधं निघतं: सकाळी उठवत नाही, लाळ गळते, वजन वाढलं. ते डॉक्टरांपर्यंत पोचवलं की निम्मा झगडा मिटतो. जेवणात गुपचूप गोळी मिसळणं मात्र करू नका. एकदा कळलं की तो माणूस औषधही सोडतो आणि तुमच्या हातचं जेवणही.

आत्महत्येबद्दल. तुमच्याकडे गुणांचा एक छापील तक्ता असेल, शून्य ते दहा धोका कमी वगैरे. त्यावर विसंबू नका. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने 2022 मध्ये स्पष्ट सांगितलं की पुढे कोण आत्महत्या करेल याचा अंदाज बांधायला असे तक्ते वापरू नयेत. त्याऐवजी त्या माणसाशी बोला, थेट बोला. ‘मरावंसं वाटतं का? काही ठरवलंय का?’ असं विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उलट, ‘विचारलंत ते बरं झालं’ असं मी कित्येकांकडून ऐकलंय. रुग्णालयातून परत आल्यावरचे पहिले दिवस आणि आठवडे सर्वांत नाजूक असतात. आपण मात्र नेमके तेव्हाच ‘आता बरा झाला’ म्हणून सैल पडतो. बाहेरून आलेल्या प्रत्येकासाठी पहिल्या आठवड्यात रोज एक ठरलेली व्यक्ती, ठरलेल्या वेळी, निवांत दहा मिनिटं बसेल असं करा. कपडे टांगायच्या दांड्या, पडद्यांचे रॉड, शॉवरचे पाइप हे वजनाने निसटून येतील असे बसवून घ्या. हे काम एकदाच करायचं असतं.

प्रत्येक निवाशाच्या पानावर वरच्या बाजूला त्याच्याच शब्दांत लिहून घ्या: ‘मी बिघडायला लागतो तेव्हा आधी काय होतं’ आणि ‘तेव्हा माझ्याशी कसं वागावं’. आमच्याकडच्या एका मुलीने लिहिलं होतं, ‘मी केस विंचरणं सोडते. तेव्हा उपदेश नको, शेजारी बसा.’ दोन वर्षांनी एका नव्या मदतनीस बाईने ते वाचलं आणि तसंच केलं. त्या वेळी दाखल करायची वेळ आली नाही.

कुणी आक्रमक झालं तर एकानेच बोलायचं, हळू आवाजात. बाकीच्यांनी इतर निवाशांना तिथून हलवायचं. त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभं राहायचं नाही, कारण कोंडल्यासारखं वाटलेला माणूस अंगावर येतो. जीव वाचवण्यासाठी धरावंच लागलं तर पालथं पाडून पाठीवर दाब कधीही द्यायचा नाही. श्वास कोंडून माणसं अशी मेलेली आहेत. बांधणं, खोलीत कोंडणं, गप्प बसावा म्हणून जास्तीची गोळी देणं हे उपचार नाहीत. तुमच्या केंद्रात या गोष्टी करायचा अधिकार आणि प्रशिक्षण नसेल तर मदत कुणाकडे मागायची तो नंबर भिंतीवर हवा. आणि प्रसंग संपल्यावर दुसऱ्या दिवशी दोघांशीही बोलायचं, त्या निवाशाशी आणि ज्या मदतनिसाला लागलं त्याच्याशी. मदतनिसाला आपण नेहमी विसरतो आणि मग तो नोकरी सोडून जातो.

तुमच्या दुसऱ्या कुलपाने मात्र मी खरोखर धास्तावले. 6 ऑगस्ट 2001 ला पहाटे तमिळनाडूतल्या एरवाडी इथे मनोरुग्णांच्या एका निवासाला आग लागली. आतली माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. 28 जण गेले. 26 एप्रिल 2013 ला रात्री मॉस्कोजवळच्या रामेन्स्की गावातल्या मनोरुग्णालयाला आग लागली. खिडक्यांना गज होते. 38 जण गेले. आमच्याकडे पहिली रात्रीची तालीम घेतली तेव्हा मागच्या दाराची किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होती, आणि ड्रॉवरची किल्ली दिवसपाळीच्या बाईंच्या पर्समध्ये, त्यांच्या घरी. झोपेच्या गोळ्या घेतलेल्या दोघांना उठवून बाहेर आणायलाच अकरा मिनिटं लागली. म्हणून तालीम रात्रीच घ्या, रात्रीच्याच स्टाफवर घ्या आणि घड्याळ लावा. रात्रपाळीच्या प्रत्येकाच्या अंगावर किल्ली हवी. त्याहून चांगलं म्हणजे आतून किल्लीशिवाय उघडणारं दार, उघडलं की घंटा वाजेल असं. रात्री एकच माणूस ठेवत असाल तर तो दोघांना एकाच वेळी सांभाळू शकत नाही, हे मान्य करून जवळचा दुसरा माणूस फोनवर बांधून ठेवा.

आता गुणवत्ता. सन 1970 मध्ये विंग आणि ब्राऊन या संशोधकांनी इंग्लंडमधल्या तीन मनोरुग्णालयांचा काही वर्षं चाललेला अभ्यास मांडला. स्किझोफ्रेनिया असलेल्या स्त्रियांमध्ये सुस्ती, अबोलपणा, कोमेजलेपण कशाने कमी झालं, हे त्यांनी पाहिलं. सुधारणेशी सर्वांत घट्ट जोडलेली गोष्ट निघाली ती ही: काहीच न करता जाणारा वेळ कमी होणं. मी कुठल्याही केंद्रात गेले की सकाळी अकरा वाजता नुसती कोपऱ्यात बसते. किती जण भिंतीकडे बघत बसलेत? टीव्ही कुणासाठी चालू आहे? स्टाफ निवाशांशी बोलतोय की आपसात? प्रौढ माणसाला ‘अरे-तुरे’ चालू आहे का? खोलीत शिरताना दारावर टकटक होते का? हे अर्ध्या तासात कळतं, आणि कुठल्याही वहीत सापडत नाही.

आणि प्रत्येकाला विचारा, ‘गेल्या आठवड्यात तुम्ही स्वतः काय ठरवलंत?’ बारापैकी आठ जणांना उत्तर सुचलं नाही तर केंद्र शांत असेल, चांगलं नसेल. आमच्याकडे एका काकूंना सुरी मिळू द्यायची की नाही यावर मोठा वाद झाला होता. जुनी फाइल घाबरवणारी होती, पण तो प्रसंग वीस वर्षांपूर्वीचा आणि उपचार सुरू होण्याआधीचा. आम्ही त्यांना आधी शेजारी कुणीतरी उभं ठेवून, मग दुरून लक्ष ठेवून स्वयंपाकघर मोकळं केलं. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कुणासाठी तरी काही रांधलं. धोका शून्यावर आणायचा म्हणजे आयुष्यही शून्यावर आणणं. कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे निवडायचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क करारातल्या 19 व्या कलमात आहे. म्हणून दर सहा महिन्यांनी प्रत्येकाला हेही विचारायला हवं: तुम्हाला इथेच राहायचंय, की पुढे कुठे जायचंय?

आणखी दोन छोट्या गोष्टी थोडक्यात: निवाशाचे पैसे वेगळे, हिशेब त्याला दिसणारा आणि सह्या दोन. नळाचं गरम पाणी 44 अंशांच्या वर नको. 60 अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं.

चुकांच्या नोंदीचा मुद्दा मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला, कारण तो तुमच्या स्वतःच्या वागण्यावर अवलंबून आहे. छोट्या केंद्रात मालक, प्रमुख आणि तक्रार ऐकणारी एकच व्यक्ती असते. चुकीची गोळी दिल्याचं कुणी येऊन सांगितलं आणि तुमचा पहिला शब्द ‘कुणी?’ असेल, तर पुढची चूक तुम्हाला कळणार नाही. पहिला शब्द ‘ते कसे आहेत आता?’ असावा, दुसरा प्रश्न ‘हे कसं घडू शकलं?’ वर्षभरात एकही चूक नोंदलेली नसलेल्या केंद्राला मी सुरक्षित मानत नाही. थोडक्यात टळलेल्या गोष्टीही लिहा. आणि बाहेरचं एखादं माणूस, दुसऱ्या केंद्राची सिस्टर, निवाशाचे नातेवाईक, स्वतः हा आजार भोगून बाहेर पडलेली व्यक्ती, तीन महिन्यांतून एकदा न कळवता येऊन फिरेल अशी मोकळीक द्या. छोटं केंद्र घरासारखं असतं हे त्याचं बळ, आणि घरासारखंच त्यात बाहेरचं कुणी डोकावत नाही हा त्याचा धोका.

राहता राहिल्या त्या बाथरूमच्या कड्या. त्या परत लावा, बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येतील अशा. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं करा, म्हणजे आत कुणी पडलं तरी अडकणार नाही. संडासाशेजारी हाताला धरायची दांडी, पलंगापासून तिथपर्यंत मंद दिवा. पण त्याआधी त्या बाई पडण्याच्या अगोदरच्या पंधरा दिवसांच्या त्यांच्या नोंदी जुन्या वह्यांतून वाचून काढा. झोपेची किंवा रक्तदाबाची गोळी वाढली होती का? कोणती गोळी संध्याकाळऐवजी रात्री उशिरा दिली जात होती? मग त्यांचा रक्तदाब आधी झोपून आणि मग उभं राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी मोजा. उभं राहिल्यावर वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर दोष फरशीचा नाही, डॉक्टरांना आजच कळवा. आणि त्यांच्याजवळ बसून विचारा की त्या रात्री नक्की काय झालं, डोळ्यांपुढे अंधारी आली होती का, कुणाला हाक मारली होती का. तुमच्या प्रश्नात हे कुठेच नव्हतं, म्हणून मला वाटतं की अजून कुणी त्यांना विचारलेलं नाही.